गाडी मस्त आहे, पण घेऊ नका

गेल्या पंधरा-वीस वर्षांत तुम्ही कधी स्विफ्ट डिझेलमध्ये बसला असाल, डिझेल डिझायरच्या टॅक्सीनं एअरपोर्ट गाठला असेल, लग्नाच्या वऱ्हाडाला डिझेल अर्टिगा सांगितली असेल, तर तुम्ही फियाटच्या इंजिनावर फिरलायत. तुम्हाला माहीत असो नसो. १२४८ सीसी, चार सिलिंडर, १.३ मल्टिजेट. मारुतीनं लायसन्स घेऊन ते मानेसरला बनवलं आणि डीडीआयएस म्हणून विकलं, टाटांनी इंडिका व्हिस्टात क्वाड्राजेट नावानं घातलं, शेवरोलेच्या सेल आणि एन्जॉयमध्येही तेच होतं, अगदी प्रीमियरच्या रिओमध्येसुद्धा शेवटी शेवटी तेच येऊन बसलं. गाड्यांच्या नादातली मंडळी गमतीनं त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायची आणि त्यात गंमत कमी आणि खरं जास्त होतं.

आणि त्याच काळात फियाटची स्वतःची गाडी कोणी घेत नव्हतं.

म्हणजे बघा, इंजिन लाखोंनी खपतंय, पुण्याजवळ रांजणगावला गणपतीच्या गावात स्वतःचा झकास कारखाना आहे, गाडी दिसायला देखणी, लोखंड जाड, हायवेला शंभरच्या पुढे गेली की रस्त्याला चिकटून बसणारी, आणि शोरूममध्ये माणूस नाही. २००९ च्या जानेवारीत लिनिया आली, जूनमध्ये ग्रँड पुंटो आली, आणि पुढच्या दहा वर्षांत सगळं गुंडाळलंसुद्धा. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असतं.

याची कारणं कोणालाही विचारा, लगेच मिळतात. पुंटोमध्ये मागे गुडघे अडकतात. ॲव्हरेज स्विफ्टपेक्षा कमी. क्लचच्या बाजूला डावा पाय ठेवायला जागा नाही. इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला, त्यामुळे जपानी गाडीतून येणारा माणूस वळताना आधी वायपर चालू करतो. सगळं खरं आहे, पण यातल्या एकाही गोष्टीसाठी माणूस गाडी सोडत नाही असं माझं मत आहे. आपल्याकडे लोकांनी याहून कितीतरी वाईट गाड्या आनंदानं वापरल्यात, कौतुकानं वापरल्यात, सत्यनारायण घालून वापरल्यात. मला वाटतं गिऱ्हाईक गाडीमुळे गेलं नाही. गाडी आवडणाऱ्यांनीच दुसऱ्यांना घेऊ दिली नाही, म्हणून गेलं. हे कसं झालं ते सांगायला कुर्ल्यापासून सुरुवात करावी लागेल.

वालचंद हिराचंद मूळचे सोलापूरचे. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही इथंच बनली पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस, आणि तिन्हीला हात घातलाही. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याला कारखाना टाकला, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून डॉज, प्लायमाउथ, डीसोटो जोडायला सुरुवात केली. पन्नासच्या दशकात इटलीच्या फियाटशी जमलं. आधी छोटी ५००, मग ११००, साठीच्या मध्यावर तिचं डिलाइट मॉडेल आलं, पुढे फियाटचा करार संपला तेव्हा तीच गाडी थोडे दिवस प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ ला पद्मिनी. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअरचा दांडा, पुढे अख्खा सोफा असल्यामुळे ड्रायव्हर धरून तिघं, आणि मधल्याच्या गुडघ्यावर कोणाचं तरी पोर. डिलाइटचा हाच सांगाडा साधारण २००० सालापर्यंत चालला. पस्तीस वर्षं! तेवढ्यात इटलीत फियाटच्या किती पिढ्या आल्या नि गेल्या.

आता या पस्तीस वर्षांतल्या पहिल्या वीसेक वर्षांत गिऱ्हाईक कसं होतं ते आठवा. गाडी बुक करायची, डिपॉझिट भरायचं आणि वाट बघायची. वर्षानुवर्षं. नंबर लागला की ज्याला गाडी नकोय तो वर पैसे घेऊन विकायचा, म्हणजे नव्या गाडीपेक्षा आज हातात मिळणारी गाडी महाग. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवणार, परकीय चलन किती मिळणार ते सरकार ठरवणार, १९६९ नंतर काही काळ किंमतसुद्धा सरकारनं ठरवली आणि ते भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. गाड्यांच्या क्वालिटीची ओरड एवढी होती की १९६७ साली सरकारनं त्यासाठी चौकशी समिती नेमली होती. म्हणजे रॅटल होतंय, पाणी गळतंय हा राष्ट्रीय प्रश्न! पण तरी बुकिंगची लाइन हलत नव्हती, कारण जाणार कुठे. दुसरीकडे ॲम्बेसेडर आणि तिसरीकडे स्टँडर्ड, आणि तिथेही लाइनच.

अशा कंपनीला गिऱ्हाईक नसतं, अर्जदार असतात. मी हे प्रीमियरला दोष द्यायला म्हणत नाही, तेव्हा कोणीही असतं तरी असंच वागलं असतं. पण सवय लागते हो. गाडी गेटबाहेर गेली की आपलं काम संपलं ही सवय. पुढे तिचं काय होतं, कोण दुरुस्त करतं, मालकाला काय वाटतं, हे बघायचं कारणच पडलं नाही.

मग पद्मिनीचं नाव काढलं की आज साठीच्या लोकांचे डोळे का पाणावतात? मला विचाराल तर त्याचं श्रेय कुर्ल्याच्या कारखान्याला अर्धं आणि गल्लीतल्या मेकॅनिकला अर्धं, कदाचित जास्तच. आमच्या डोंबिवलीत पूर्वेला एक अण्णा होते. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, पुढे गटार, गटारावर फळी. काकांची पद्मिनी मिसफायर करायला लागली की तिथं न्यायची. अण्णा बॉनेट उघडायचे, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून तोंडानं फुंकर मारायचे, सीबी पॉइंट काढून पॉलिश पेपरच्या तुकड्यानं दोन घासे द्यायचे, आणि गॅप बघायला खिशातून काडेपेटी काढून तिच्या पुठ्ठ्याचा एक कोपरा फाडायचे. फीलर गेज वगैरे भानगड नाही. पुठ्ठा आत सरकला पाहिजे आणि जरासा धरला पाहिजे, की झालं. टोपी लावली, काकांना म्हणाले मारा सेल्फ, आणि गाडी कुरकुर करत चालू. उरलेल्या काडेपेटीवर विडी पेटवायची. पैसे किती तर द्या काय द्यायचे ते.

उन्हाळ्यात कसारा घाट चढताना इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात वाफ धरून गाडी मध्येच बंद पडायची तेव्हा काय करायचं हेसुद्धा अण्णांनीच शिकवलेलं. ओलं फडकं पंपावर गुंडाळायचं आणि शांतपणे चहा प्यायचा. डिकीत म्हणून एक फडकं आणि पाण्याचा कॅन कायम असायचा. कंपनीच्या पुस्तकात हे होतं की नाही माहीत नाही पण पुस्तक कोणी बघितलं होतं.

सांगायचा मुद्दा असा की पद्मिनीचं सर्व्हिस नेटवर्क भारतातलं सगळ्यात मोठं होतं आणि त्यातला बहुतेक भाग प्रीमियरच्या मालकीचा नव्हता. तो गल्लोगल्लीच्या अण्णांचा होता, लॅमिंग्टन रोड नि ऑपेरा हाउसच्या पार्टवाल्यांचा होता, आणि मुंबईत तर टॅक्सीवाल्यांचा होता. काळी-पिवळी हजारोंनी होती म्हणून पार्ट स्वस्त, पार्ट स्वस्त म्हणून काळी-पिवळी. २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, म्हणजे गाडी बनायची थांबल्यावरही वीस-बावीस वर्षं लोकांनी ती चालवली. कंपनी नसताना. हे प्रेम कंपनीला फुकटात मिळालं होतं आणि फुकटात मिळालेल्या गोष्टीचं होतं तेच झालं.

१४ डिसेंबर १९८३. दिल्लीत इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची चावी दिली गेली. त्या दिवशी काय बदललं याबद्दल लोक बोलतात तेव्हा गाडीबद्दलच बोलतात, की छोटी, हलकी, एसी, ॲव्हरेज. पण हळूहळू आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिसिंग, छापील बिल, आणि पुढे तालुक्याच्या गावातसुद्धा वर्कशॉप आणि पार्टचं दुकान. म्हणजे अण्णांचं जे काम होतं ते कंपनीनं स्वतःच्या अंगावर घेतलं. प्रीमियरनं १९८५ मध्ये ११८ एनई आणली, फियाट १२४ चा सांगाडा आणि निसानचं इंजिन, गाडी वाईट नव्हती, डॉक्टर-वकिलांनी घेतलीही. पण गेटबाहेर गेली की संपलं ही सवय काही सुटली नाही.

मग आलं एक्क्याण्णव, आणि नव्वदच्या दशकात प्रीमियरनं एकदम दोन लग्नं लावली. फ्रान्सच्या प्यूजोशी एक, त्यांची ३०९ आमच्या डोंबिवली-कल्याणकडच्या कारखान्यात. आणि जुन्या फियाटशी पुन्हा एक, त्यांची उनो कुर्ल्याला. आमच्याकडे तेव्हा मुलगा प्रीमियरला आहे म्हटलं की स्थळ बघायला येणारे जरा सरसावून बसायचे, हे मी डोळ्यानं बघितलंय. उनोचं बुकिंग उघडलं १९९६ च्या सुरुवातीला आणि लाखांनी लोकांनी पैसे भरले. लाखांनी! फियाट परत आली, म्हणजे आपली पद्मिनीच नवी होऊन आली असं लोकांना वाटलं असणार. आज कुठल्या नव्या गाडीला पन्नास हजार बुकिंग झालं तर पेपरात येतं.

आणि गाड्या मिळेनात. कामगार आणि मॅनेजमेंटचं फाटलेलं, प्रॉडक्शन अडकलेलं. प्रीमियरची युनियन म्हणजे कामगार नेते दत्ता सामंतांचा बालेकिल्ला, त्यामुळे सगळं खापर त्यांच्यावर फोडायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. एकीकडे तीसेक वर्षं तीच गाडी बनवत आलेला कारखाना, दुसरीकडे दोन परदेशी पार्टनर, कोणता कामगार कोणाकडे जाणार, कोणत्या पगारावर जाणार हे नक्की नाही, तिथं भांडण होणारच. जानेवारी १९९७ मध्ये सामंतांचा खून झाला, तरी कारखान्याचं गाडं काही रुळावर आलं नाही, म्हणजे रोग दुसरीकडे होता. त्याच वर्षी प्यूजोनं हात वर केले. ३०९ घेतलेले लोक गाडीसकट उघड्यावर. डोंबिवलीत आमच्या ओळखीच्या एकांच्या दारात एक पांढरी ३०९ नंतर बरीच वर्षं कव्हर घालून उभी होती, गाडी चालू होती बरं का, पण पुढची काच फुटली तर कुठून आणायची म्हणून ते बाहेरच काढायचे नाहीत.

कुर्ल्याच्या प्रीमियरच्या जागेवर आता कोहिनूर सिटीचे टॉवर आहेत. आमच्याकडे कल्याण-शीळ रोडवर प्रीमियर मैदान एवढं नाव राहिलंय, तिथं प्रदर्शनं आणि सभा होतात.

फियाट मात्र गेली नाही. कुर्ल्यातला संसार स्वतःच्या ताब्यात घेतला, सिएना आणली, आणि २००१ मध्ये पॅलिओ. पॅलिओला सचिन होता. त्याच्या सहीची एस१० नावाची गाडी काढली होती. ब्रॅडमनच्या २९ सेंच्युऱ्यांची बरोबरी केली म्हणून फियाटनंच त्याला फेरारी दिली, ती चावी खुद्द फॉर्म्युला वनच्या शूमाकरच्या हातून, आणि मग त्या फेरारीच्या कस्टम ड्युटीवरून एवढा गदारोळ झाला की शेवटी ड्युटीचे पैसे फियाटनं भरले. म्हणजे पब्लिसिटीत कुठे कमी नव्हती. पण पॅलिओचं वजन जास्त, १.२ चं इंजिन त्या मानानं लहान, आणि पेट्रोल पिते अशी ख्याती एकदा झाली की झाली. तरी आवडणारे होतेच. १.६ जीटीएक्सवाले तर आजही भेटले की हात धरून बसवतात आणि तिचे गुण सांगतात.

२००६ पासून फियाट टाटांच्या दारात गेली. पुढे रांजणगावचा कारखाना दोघांचा निम्मा-निम्मा, आणि फियाटची गाडी विकणार टाटांच्या शोरूममध्ये. कागदावर झकास कल्पना, टाटांकडे दुकानं आहेत आणि आपल्याकडे गाडी. पण दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहिलात की पत्त्यावर नाव घरमालकाचंच असतं, आणि पाहुणा आला तरी आधी त्याच्या खोलीत बसतो. शोरूममध्ये समोरासमोर उभ्या व्हिस्टा आणि पुंटो, इंजिन दोन्हीत तेच, व्हिस्टात जागा जास्त आणि किंमत कमी, सेल्समन टाटांचा. त्यानं काय करावं? तो बिचारा टार्गेट बघणार. मी त्याच्या जागी असतो तर मीही व्हिस्टाच दाखवली असती. आणि गिऱ्हाईकाला तर हेच कळेना की गाडी कोणाची, काही झालं तर तक्रार कोणाकडे करायची. आधी प्रीमियरच्या दारात, मग स्वतःच्या, मग टाटांच्या, २०१३ पासून पुन्हा स्वतःच्या वेगळ्या शोरूममध्ये. दर वेळी काही गिऱ्हाईक वाटेत गळलं. पत्ता बदलल्याची चिठ्ठी जुन्या माणसाला कोणी पाठवलीच नाही असं वाटतं.

माझ्या एका मित्राकडे लिनिया होती, डिझेल. ती मी कोल्हापूरपर्यंत चालवली आहे. खंबाटकी उतरताना जी गाडी हातात आल्यासारखी वाटते ना, ती वाटायची. दार लावल्याचा आवाजसुद्धा ठप्प असा, बँकेच्या लॉकरच्या खोलीसारखा भरदार. खड्ड्यात गेली तरी आत बसलेल्याच्या हातातला चहा सांडायचा नाही (हे मी करून बघितलं नाही, पण त्याचा दावा होता). गाडीनं त्याला त्रास असा कधी दिला नाही. पण सोसायटीत कोणी गाडी घ्यायची म्हणून त्याला विचारायला आला की हा माणूस आधी पंधरा मिनिटं गाडीची आरती करायचा आणि शेवटी म्हणायचा, गाडी मस्त आहे रे, पण तू घेऊ नको.

का रे बाबा? तर म्हणे कंपनी राहील का जाईल माहीत नाही. विकायला काढली तर भाव येणार नाही. मी घेतली ती प्रेमापोटी, तुझ्या बायकोला काय सांगणार.

बाकीच्या कंपन्यांची जाहिरात त्यांचे मालक फुकट करत होते. वॅगन-आरवाल्याला विचारा, तो एका वाक्यात आटपतो, घे डोळे झाकून. त्याचं गाडीवर प्रेम नसतं, तो कधी तिच्याकडे वळून बघत नाही, पण तो दुसऱ्याला घ्यायला लावतो. आणि फियाटवाला पार्किंगमध्ये गाडी लावून पाच पावलं गेला की मागे वळून बघतो, आणि तरी दुसऱ्याला सांगतो घेऊ नको. आपल्याकडे मोटार ही एकट्यानं घ्यायची वस्तू नाही. वडील, सासरे, ऑफिसातला एक गाडीतलं कळणारा, गॅरेजवाला, अशा चार-पाच लोकांची सही लागते, तोंडी. त्यातल्या एकानं जरी पार्ट मिळतील ना रे एवढंच विचारलं तरी केस संपली.

गॅरेजवाल्याचं तर वेगळंच. अण्णांचा मुलगा आता शेड मोडून पक्कं गॅरेज चालवतो, स्कॅनर आहे, लिफ्ट आहे. त्याला मी एकदा विचारलं की स्विफ्टचं इंजिन तू डोळे मिटून उघडतोस, पुंटोचं तेच आहे, मग पुंटो आली की तोंड का वाकडं करतोस? तो म्हणाला, काका इंजिन तेच आहे हो, पण डबा वेगळा ना. स्विफ्टचा सस्पेन्शन आर्म मला कोपऱ्यावर मिळतो, अर्ध्या तासात पोरगा घेऊन येतो. याचा मागवायचा, आला तर बरोबर निघेल का ते बघायचं, तोवर गाडी माझी जागा अडवून उभी. लिफ्टवर चार दिवस एक गाडी उभी म्हणजे माझं भाडं बुडालं. म्हणजे बघा, जो माणूस पद्मिनीच्या काळात कंपनीचा बिनपगारी सेल्समन होता त्याचाच मुलगा आता तिच्या विरोधात, आणि त्याचंही चूक नाही.

मला स्वतःला हे जरा जास्तच कळतं, कारण माझ्याकडे एका परदेशी कंपनीची गाडी होती. कंपनीचं नाव राहू दे. पावसाळ्याच्या तोंडावर एका टेम्पोनं डाव्या बाजूनं घासलं, हेडलाइट आणि बंपर गेला. बस एवढंच. वर्कशॉपमध्ये गोड बोलून गाडी ठेवून घेतली. पावसाळा सरला, गणपती आले आणि गेले, नवरात्र बसलं, मी रिक्षानं फिरतोय. फोन केला की एकच, सर पार्ट ऑर्डरला टाकलाय. पार्ट कुठे आहे? सर वेअरहाउसला. कुठलं वेअरहाउस? सर ते सिस्टिमला दाखवत नाही. तिथली मुलगी फार सज्जन होती, तिच्यावर ओरडायचीही सोय नाही, तिलाच सांगता सांगता रडू येईल अशी भीती. शेवटी दिवाळीच्या आधी गाडी आली, काम उत्तम केलं होतं, रंगाचा फरकसुद्धा कळत नव्हता. पण मधल्या काळात लिफ्टमध्ये, लग्नात, भाजीच्या गाडीपाशी ज्यानं ज्यानं विचारलं गाडी दिसत नाही तुमची, त्या सगळ्यांना मी ती गोष्ट सांगितली होती. तिखटमीठ लावून. कंपनीला माझ्या एका बंपरवर किती पैसे वाचले कोणास ठाऊक.

फियाटनं २०१३ नंतर प्रयत्न केला नाही असं नाही. स्वतःची दुकानं काढली, २०१४ ला पुंटो इव्हो आणि अव्हेंचुरा आणली, २०१५ मध्ये तर १४५ हॉर्सपॉवरची अबार्थ पुंटो दहा लाखांच्या आत दिली. त्या पैशात तेवढी पळणारी हॅचबॅक तेव्हा कोणी देत नव्हतं. वेडी गाडी, आणि वेड्यांनी घेतली, पण वेड्यांच्या जिवावर कारखाना चालत नाही. त्यांचं मोठं लक्ष तोवर जीपकडे गेलं होतं. २०१७ ला रांजणगावात बनलेली जीप कंपास आली आणि तीच इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, जपानला जायला लागली. म्हणजे इथल्या माणसांना गाडी बनवता येत नव्हती असं अजिबात नाही. त्याच कारखान्यातून टाटांची नेक्सॉन निघते जी आज दर दुसऱ्या सिग्नलला उभी असते. मग एप्रिल २०२० ला बीएस सिक्स हा धुराचा कडक नियम लागू होणार होता, पुंटो-लिनियाला ते करायचं कोणी मनावर घेतलं नाही, मारुतीनंही डिझेल सोडलं, आणि २०२० च्या सुरुवातीला रांजणगावात ते राष्ट्रीय इंजिनसुद्धा थांबलं.

या सगळ्यात एक गोष्ट कोणी हिशोबात धरत नाही असं मला वाटतं. एक कंपनी जाते तेव्हा ती फक्त स्वतःचं गिऱ्हाईक सोडून जात नाही, पुढच्या कंपनीचंही घेऊन जाते. प्यूजो गेली त्याचा धडा लोकांनी फियाटला लावला. २०१७ मध्ये शेवरोलेनं विक्री थांबवली, तळेगावचा कारखाना आता ह्युंदाईकडे आहे. २०२१ मध्ये फोर्डनं इथल्या विक्रीसाठी गाड्या बनवणं बंद केलं, आणि फोर्डच्या गाड्यांबद्दल तर वाईट बोलणारा मला अजून भेटायचाय. या सगळ्याचं बिल आता जो नवीन येईल त्याच्या नावावर फाटतं. प्यूजो आणि फियाट आता एकाच छत्राखाली आहेत, स्टेलांटिस, आणि त्यांनी सिट्रोएन हे तिसरं नाव भारतात आणलंय. त्यांना खुर्चीत बसायच्या आधीच १९९७ पासूनची थकबाकी समोर ठेवलेली असणार, आणि ती थकबाकी तिकडे पॅरिसमध्ये कुठल्या फायलीत असेल असं वाटत नाही. ती इथं सासऱ्यांच्या डोक्यात आहे.

परवा कराडहून भाच्याचा फोन आला. मामा, एक गाडी बघितलीय, नवीन कंपनी आहे, सस्पेन्शन असलं भारी आहे की विचारू नका, आणि वर डिस्काउंट देतायत. नाव सांगत नाही इथं, उगाच कशाला. मी त्याला म्हटलं डिस्काउंट देतायत म्हणजे गाड्या पडून आहेत, ते तुझ्या फायद्याचंही असेल. तू एक कर. सेल्समनला सोड, वर्कशॉपच्या पार्ट काउंटरला फोन लाव, गिऱ्हाईक आहे म्हणून सांग, आणि डाव्या हेडलाइटची किंमत विचार आणि किती दिवसांत येईल ते विचार. त्यानं लावला. ते म्हणाले व्हॉट्सॲप करतो. ही गोष्ट सोमवारची, आज शनिवार आहे. भाचा म्हणतो अजून दोन दिवस बघतो, गाडी खरंच चांगली आहे मामा. इकडे ताईनं तेवढ्यात गल्लीतल्या चौघांना विचारून घेतलंय, त्यातल्या तिघांकडे मारुती आहे आणि चौथा बुक करून आलाय.